पाच व्होल्टची साक्ष

तुमच्यावर चोरीचा आळ आला आहे, तोही भर रस्त्यावर, चार माणसांत. साक्षीला एक यंत्र तेवढं उभं आहे, आणि त्याच्या पडद्यावर उमटलेली ओळ तुमच्या विरोधात जाते. अशा वेळी तुमच्या बाजूनं कोण बोलेल, याचा कधी विचार केलाय?

मी केलाय. दर वर्षी नवरात्र बसलं की करते. आत्ताही करते आहे, कारण बीदरजवळच्या कोळारच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या वर्कशॉपच्या अंगणात पाण्याचा फवारा सुरू झाला आहे. पोकलेनच्या साखळ्यांत अडकलेली वर्षभराची काळी माती ढेकळाढेकळानं गळून पडते आहे. खंडेनवमी तोंडावर आली. केळीचे खुंट कोण आणणार, झेंडू बीदरहून घ्यायचा की हुमनाबादहून, यावर वाद झडताहेत. बाहेर सोयाबीनची मळणी चालली आहे आणि तिची बारीक, घशात खवखवणारी धूळ आमच्या चहाच्या कपापर्यंत पोचते. त्या धुळीचा वास आला, की मला एका ओल्या पहाटेची तूर दिसते आणि बिरूअण्णा आठवतात.

माझं काम तारांचं. पोकलेन, ग्रेडर, रोलर यांच्या इंजिनांवर अंगठ्याएवढे सेन्सर बसवलेले असतात. एक डिझेलचा दाब सांगतो, एक हवेचा, एक तापमान. ते जे सांगतील त्यावर इंजिनाचा संगणक डोळे मिटून विश्वास ठेवतो. यांच्यापैकी एकाची तार बिघडली, की डोंगर फोडणारं धूड जागच्या जागी गुरगुरत बसतं. तो बिघाड मी शोधते. मांडीवर लॅपटॉप, हातात मीटर, दातांत टॉर्च. मी साइटवर उतरले की पहिल्यांदा लोक माझ्या मागे बघतात, मेकॅनिक अजून गाडीतून उतरायचा असेल म्हणून. बघू देत. मग मी बॉनेट उघडते.

हे काम मला जमलं याचं श्रेय मी अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पत्रकांना देते. अप्पांचा भालकीत छोटा छापखाना होता. लग्नपत्रिकांवर घर चालायचं आणि पत्रकांवर अप्पा चालायचे. पिवळ्या पातळ कागदावर एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. हमालांच्या मजुरीवर, एका गल्लीला नळ आणि दुसऱ्या गल्लीला टँकर यावर, देवाच्या नावानं होणाऱ्या उधळपट्टीवर. माझ्या शाळेच्या पुस्तकात ‘क’ कमळाचा होता, घरी तो कष्टकऱ्यांचा होता. शरणांचा, म्हणजे वचनं लिहिणाऱ्या संतांचा, विचार मानणारं आमचं घर. कायक, म्हणजे हातातलं काम हीच पूजा, असं जेवताना, भांडताना, झोपताना ऐकत मी वाढले. आणि अप्पांचा एक नियम होता, तो मी आजही पाळते. पत्रकात ज्याच्यावर बोट ठेवलं असेल, त्याच्या दारात पहिलं पत्रक स्वतः नेऊन द्यायचं. त्याच्या तोंडावर. पाठीमागून छापणं त्यांना चोरीइतकंच वाईट वाटे.

तर काही वर्षांपूर्वी भालकीहून उदगीरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेनं पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन टाकायची होती. गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार, होते अण्णाराव. तोंडानं तिखट, हातानं सढळ, देवाधर्माचे पक्के. त्यांच्या पोकलेनवर ऑपरेटर होते बिरप्पा, ज्यांना आम्ही सगळे बिरूअण्णा म्हणायचो. वडिलांनी आयुष्यभर मेंढरं राखली, आणि यांनी लोखंडाचा हा हत्ती. सीटवर घोंगडी अंथरल्याशिवाय ते बसत नसत. उन्हाळ्यात कोणी हसलं तर म्हणायचे, घोंगडीला उन्हाळा-हिवाळा नसतो, मान असतो. चर खणताना त्यांचं बकेट इतकं सरळ जायचं, की मागून पाइप टाकणारी माणसं दोरी लावायचा कंटाळा करायला लागली होती.

खंडेनवमीच्या पूजेला मी तिथे होते. तुम्ही आमच्या या पट्ट्यातली आयुधपूजा पाहिली नसेल तर सांगते. गाडीला नुसता हार घालून भागत नाही. मशीन धुवायचं, फवाऱ्यानं धुवायचं, आणि मग इंजिनाचं झाकण उघडायचं. कारण जीव तिथे आहे. पूजा जिवाची करायची, पत्र्याची नाही. विभूतीचे तीन पट्टे, हळदीचं पाणी, कुंकू, उदबत्ती. मग मालकानं इंजिनाच्या लोखंडी कडेवर नारळ फोडायचा आणि पाणी तिथेच शिंपडायचं. अण्णारावांनी एका फटक्यात नारळ फोडला. बिरूअण्णांनी डोळे मिटून हात जोडले. इंजिन गरम होतं, नारळपाण्याची वाफ आली, आणि त्या गोडसर वासानं सगळ्यांना बरं वाटलं. खोबरं वाटताना ते आधी गावच्या पुढाऱ्याला, मग पाहुण्यांना, मग मला मिळालं. बिरूअण्णांपर्यंत ताट आलं तेव्हा त्यात करवंटीच उरली होती. त्यांनी करवंटी उचलली आणि केबिनमध्ये ठेवून दिली. कोणाच्या ते लक्षातही आलं नाही. माझ्या आलं.

त्यानंतर कोजागिरीच्या सुमाराला मशीन दम टाकायला लागलं. सकाळी सुरू व्हायचं, बकेट जमिनीत घुसवलं की ताकद जायची, आवाज बसायचा. पडद्यावर पिवळा दिवा आणि एक ओळ: डिझेलचा दाब कमी. अण्णारावांनी ती ओळ वाचली आणि त्यांच्या डोक्यात हिशोब जुळला. दाब कमी म्हणजे डिझेल खराब. डिझेल खराब म्हणजे भेसळ. भेसळ म्हणजे टाकीतलं खरं डिझेल कोणीतरी विकलं आणि रॉकेल ओतलं. आणि टाकीची किल्ली कोणाकडे? बिरूअण्णांकडे.

हे त्यांनी मनात ठेवलं असतं तर वेगळं. उदगीरच्या फाट्यावर चहाचं एक हॉटेल आहे, जिथे ऑपरेटर, ट्रॅक्टरवाले, ऊसतोडीचे मुकादम सगळे बसतात. तिथे, सगळ्यांसमोर, त्यांनी बिरूअण्णांच्या हातातून किल्ली काढून घेतली आणि चोर म्हटलं.

या पट्ट्यात ऑपरेटरच्या हातातून किल्ली काढून घेणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळणार नाही. डिग्री असलेल्या माणसाला नोकरीवरून काढलं तर तो कागद घेऊन दुसरीकडे जातो. ऑपरेटरचा कागद म्हणजे त्याचं नाव. चोर म्हटलेल्या माणसाला हुमनाबादपासून औरादपर्यंत कोणी मशीनवर चढू देत नाही. बिरूअण्णांनी मला नंतर सांगितलं, की त्या आठवड्यात गावाकडच्या बसमध्ये शेजारी बसलेला माणूस त्यांना ओळखून उठला आणि उभ्यानं गेला.

ते मला भेटायला कोळारला आले. कसलीही विनवणी केली नाही. चहाही घेतला नाही. म्हणाले, “अक्का, मला कामावर घ्या म्हणून बोलायला न्हाई आलो. मशीनला काय व्हायलंय तेवढं बघ. ते आजारी हाय आणि हे लोक त्याला इस्पितळात न न्हेता माझ्यावर खटला चालवायलेत.”

मी गेले. दुपारी गेले, आणि तोंडावर आपटले. मशीन मस्त चाललं. टाकीतलं डिझेल काचेच्या बाटलीत काढून उन्हात धरलं, पाण्याचा थर नाही, गाळ नाही. डिझेलचा दाब सांगणाऱ्या सेन्सरच्या तारा तपासल्या, सगळं ठीक. नवा ऑपरेटर चर खणत होता, वाकडा का होईना पण खणत होता. अण्णाराव खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, “बघा म्याडम. चोर घरी बसवला, मशीन दुरुस्त झालं. तुमची फी तेवढी वाया गेली.” भोवतीचे हसले.

त्या हसण्याचा राग मला आजही येतो. पण रागानं मीटरचा काटा हलत नाही. परतताना मी बिरूअण्णांना फोन लावला आणि एकच गोष्ट विचारली, मशीन खोकायचं ते केव्हा. ते म्हणाले, “सकाळच्याला. दव असतंय तंवर. उन्हं वर आली की आपोआप बरं व्हायचं. मी म्हणलो होतो मालकाला, पर कोण ऐकतंय.”

मी गाडी बाजूला घेतली. भेसळ घड्याळ पाहून त्रास देत नाही. दव पडलं की दुखतं आणि ऊन लागलं की राहतं, असं दुखणं डिझेलचं नसतं, तारेचं असतं.

दुसऱ्या दिवशी मी दव असताना पोचले. ती सकाळ माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांना तूर फुलली होती, पिवळीजर्द, आणि प्रत्येक फुलावर पाणी. साखर कारखान्याचा बॉयलर पेटला होता, मळीचा आंबूस वास खाली दबून राहिला होता. गाणगापूरला निघालेल्या लातूरकडच्या दोन जीपा दिवे लावून गेल्या, आतून दत्ताचा गजर ऐकू आला. पोकलेन ओलं होऊन उभं होतं. अण्णारावांना मी बोलावून घेतलं होतं. ते शाल पांघरून, जांभया देत आले. बिरूअण्णा रस्त्याच्या पलीकडे उभे राहिले. अलीकडे यायला ते तयार नव्हते.

मशीन सुरू केलं, बकेट टेकवलं, आणि ते खोकलं. पिवळा दिवा लागला. तीच ओळ.

आता एक गोष्ट तुम्हाला समजून घ्यावी लागेल, कारण सगळा न्याय तिच्यावर उभा आहे. इंजिनाचा संगणक सेन्सरांना कामासाठी पाच व्होल्ट देतो, आणि एकाच तारेवरून दोन-तीन सेन्सरांना देतो. एका विहिरीवर तीन शेतं असावीत तसं. तिसऱ्या शेतात पाट फुटला आणि पाणी वाहून गेलं, तर पहिलं शेत कोरडं दिसणार. पडदा तुम्हाला कोरडं शेत दाखवतो. पाट कुठे फुटला ते दाखवत नाही. पडद्यावरची ओळ म्हणजे फिर्याद असते. निकाल लागायचा बाकी असतो.

डिझेलच्या सेन्सरच्या प्लगवर मीटर लावला. पाच व्होल्ट हवे होते, निम्मेही नव्हते. मी अण्णारावांना जवळ बोलावलं आणि मीटर त्यांच्याच हातात दिला. म्हटलं, आकडा तुम्ही वाचा, मी एकेक प्लग काढते. त्यांनी खिशातून चष्मा काढला. पहिला प्लग काढला, आकडा तसाच. मग इंजिनाच्या माथ्यावरचा, हवेचा दाब सांगणारा सेन्सर. त्याचा प्लग ओढला आणि अण्णारावांनी मीटर डोळ्यांजवळ नेला.

“पाच झालं,” ते म्हणाले.

मी प्लग उलटा केला. आतले पितळी काटे हिरवे पडले होते. रबरी सील जुनं होऊन कडक झालेलं. आत चिकट, तपकिरी थर, त्याच्या कडेला पिवळी रेघ, आणि नारळाच्या शेंडीचा एक धागा.  प्लग त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो नाकाशी नेला. खवट खोबऱ्याचा वास कोणाला सांगावा लागत नाही. त्यांनी हळदीच्या रेघेवरून अंगठा फिरवला, मग इंजिनाच्या त्या कडेकडे बघितलं जिथे नारळाचा पांढरा वण अजून होता. 

दव पडलं की तो थर ओला व्हायचा आणि पाच व्होल्ट तिथून वाहून जायचे, हाच तो फुटलेला पाट. मी प्लग साफ केला, काटे घासले, नवं सील घातलं. मशीन सुरू केलं आणि ओल्या तुरीची एक फांदी तोडून तिचं दव त्या प्लगवर झटकलं. मशीन खोकलं नाही. मग मी बोलले. अप्पांचा नियम होता, पहिलं पत्रक दारात. म्हटलं, अण्णाराव, माझा अहवाल एका ओळीचा आहे, डिझेल चोख, माणूस चोख. आणि तुम्ही आळ फाट्यावरच्या हॉटेलात घेतलाय, तर तो इथे शेताच्या बांधावर मागे घेऊन चालणार नाही. ज्यांनी ऐकलं त्यांना ऐकवावं लागेल.

ते म्हणाले, “तुम्ही भालकीच्या त्या पत्रकवाल्याची पोरगी न्हव?”

म्हटलं, व्हय.

“तरीच,” ते म्हणाले आणि शाल सावरत गाडीत बसले. रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या माणसाकडे त्यांनी त्या वेळी पाहिलंही नाही. मला वाटलं, संपलं.

घरी येऊन मी अप्पांना सांगितलं, तर त्यांचे डोळे चमकले. लिही, म्हणाले. मी एका बैठकीत लिहिलं. आंधळी पूजा, यंत्राचं वाटोळं, गरिबाच्या गळ्याला फास, नारळ फोडणं बंद करा. असं पेटलेलं पत्रक मी त्याआधी लिहिलं नव्हतं. छापण्याआधी ते ज्याच्यासाठी लिहिलं त्याला वाचून दाखवावं म्हणून बिरूअण्णांच्या घरी गेले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

मग म्हणाले, “नारळावर कामून तापलीस अक्का? मी रोज त्याच्या पाया पडतो, म्हणून त्याचं खोकणं मला ऐकू येतंय. ज्यानं मला चोर म्हणलं, तो वर्षातून एकदाच पाया पडतो. फरक तिथं हाय.”

मी कागद घडी करून पिशवीत ठेवला.  पूजा म्हणजे लक्ष देणं असेल, तर तो माणूस माझ्या घरातल्या सगळ्यांपेक्षा जास्त शरण होता.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी अण्णारावांचा निरोप आला, फाट्यावर या. मी आणि अप्पा गेलो. पोकलेन हॉटेलसमोर आणून उभं केलं होतं. इंजिनाचं झाकण बंद. चहा पिणारी सगळी गर्दी बाहेर आली होती. साखळीपुढे एक काळा दगड ठेवला होता. अण्णारावांनी नारळ हातात घेतला, वजन केल्यासारखा धरला, आणि बिरूअण्णांपुढे केला.

“डिझेल चोरलं न्हाई यानं,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “माझाच नारळ नडला. फोड बिरप्पा, तुझ्या हातानं फोड.”

कोणीतरी मागून म्हणालं, मालक, नारळाला आता नोटीस देता का. हसणं उसळलं, अण्णारावही हसले, मान खाली घालून. बिरूअण्णा हसले नाहीत. त्यांनी दगडावर नारळ फोडला, पाणी मातीत जाऊ दिलं. अण्णारावांनी खोबऱ्याचा पहिला तुकडा काढला आणि त्यांच्या हातात ठेवला, त्यावर किल्ली. अप्पा माझ्या शेजारी उभे होते. ते पूजेच्या जागी कधी हात जोडत नाहीत. त्या दिवशीही जोडले नाहीत. पण बिरूअण्णांनी पुढे केलेलं खोबरं त्यांनी खाल्लं, सावकाश, चावून.

बिरूअण्णांनी तो चर पाण्याच्या टाकीपर्यंत नेला, दोरीसारखा सरळ. ते काम संपल्यावर त्यांनी किल्ली स्वतःहून परत केली आणि लातूरकडच्या एका गुत्तेदाराकडे गेले, त्यानंच बोलावून नेलं. अण्णारावांनी पुष्कळ आग्रह केला. ते थांबले नाहीत. माफ केलं की नाही, हे मी कधी विचारलं नाही. घोंगडी त्यांच्या खांद्यावर होती आणि चाल नेहमीचीच होती, घाई नसलेल्या माणसाची. आज त्या गावांत नळ उघडला की पाणी येतं, आणि मी तिथून जाताना मुद्दाम थांबून पिते. अभिमानाला चव असते, हे मला तिथे कळलं.

माझ्या बॅगेत तो हिरवा पडलेला प्लग अजून आहे. नवी माणसं वर्कशॉपला आली की मी त्यांच्या तळहातावर ठेवते आणि हुंगायला सांगते. वास आता गेला आहे. हळदीची रेघ आहे.

अप्पांनी त्या वर्षीचं पत्रक छापलंच, पण मी ते नव्यानं लिहिलं होतं, आणि पहिलं अण्णारावांच्या दारात नेऊन दिलं. या वर्षीही छापतो आहोत. पिवळ्याच कागदावर, दोन्ही भाषांत. तुमच्या हाती ते पडणार नाही म्हणून इथे मागते. यंदा तुमच्या यंत्राची पूजा करा, जोरात करा. फक्त इंजिनाचं झाकण बंद ठेवा, नारळ पुढच्या दगडावर फोडा, आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा जो ते यंत्र चालवतो त्याच्या हातात द्या. देताना त्याला विचारा, मशीन कसं आहे. आणि तो जे सांगेल, ते ऐकून घ्या.